घोट्यापर्यंत

माझी उंची पाच फूट अकरा इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण ओळख झाली की दुसऱ्या मिनिटाला लोक तेच विचारतात आणि ऐकलं की "बाप रे" म्हणतात. बाप रे काय बाप रे! तुमच्या घराचं छत तर नाही ना फोडलं मी? पण हे सगळं मनातल्या मनात. तोंडावर मी आजवर फक्त हसत आले.

शाळेत गणित शिकवत होते. फळ्याच्या अगदी वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात करायची, तीही टाच न उचलता. तेवढी एकच जागा होती जिथे माझ्या उंचीचं कोणाला काही वाटलं नाही. मागच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शाल घालताना मुख्याध्यापकांचे हात पुरेनात, तेव्हा मीच मान खाली घातली. मुलं हसली, मीही हसले. शाल घरी आणून कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून नगरच्या सावेडीतल्या माझ्या दोन खोल्यांत मी एकटी राहायला लागले. राहत आधीही एकटीच होते म्हणा, पण शाळा असताना ते अंगावर येत नव्हतं.

लग्न उंचीनेच खाल्लं. कोल्हारला नदीकाठी आमची शेती, वडील सहा फुटांच्या वर. ते बाजारात दिसले की लोक म्हणायचे, "काय गडी हाय!" तीच उंची माझ्या वाट्याला आली तर "पोरगी लई वाढली" असं म्हणायचे, जशी काही मी कोणाला न विचारता वाढले. बघायला पाहुणे आले की आई मला आधीच पाटावर बसवून ठेवायची आणि पोहे चुलतबहीण फिरवायची. पण शेवटी कोणीतरी म्हणायचंच, "जरा उभी राहा बाळ." मी उभी राहिले की मुलाकडची माणसं आधी माझ्याकडे बघायची, मग मुलाकडे, आणि मग सगळी चहात बुडायची. निरोप चांगल्या शब्दांत यायचा. मुलगी चांगली आहे, पण जमत नाही. पुढे आई गेली, वडील गेले, भाऊ शेतीत आणि त्याच्या संसारात. भाऊबीजेला जाते, तो "राहा की चार दिस" म्हणतो, मी दुसऱ्या दिवशी परत येते.

निवृत्तीनंतरचे पहिले काही आठवडे मजेत गेले. उशिरा उठायचं, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. मग एकदा संध्याकाळी भाजीवाल्याला "मेथी कशी दिली" विचारलं आणि माझाच आवाज इतका घोगरा निघाला की मी दचकले. तेव्हा लक्षात आलं, आदल्या दिवसापासून आपण कोणाशी एक अक्षर बोललेलो नाही. घरी येऊन मी मोठ्याने पाढे म्हणायला लागले. हसू नका. आवाज चालू राहावा म्हणून दुसरं काय करणार?

त्यात पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर पोक काढून चालत आलात. लोकांच्या उंचीला यायला बघता ना? योगासनं सुरू करा." आमच्या मागच्या गल्लीत सोसायटीचा एक हॉल आहे, तिथे रोज सकाळी बायकांचा क्लास चालतो. शिकवणारी मुलगी चुणचुणीत. बाकी सगळ्या माझ्याच वयाच्या, कोणी थोड्या लहान. पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून गेले तर ती मुलगी म्हणाली, "मॅडम, सलवारीत पाय अडकतो. योगा पँट घ्या एक, स्ट्रेचवाली."

घ्या एक! जणू कोथिंबिरीची जुडी.

पहिली पँट घराजवळच्या दुकानातून आणली. त्यावर "फुल लेंथ" असं लिहिलं होतं. कोणाची फुल लेंथ, ते लिहिलं नव्हतं. माझ्या पायात ती पोटरीच्या जरा खाली येऊन थांबली. तेवढ्यावर भागलं असतं, पाय उघडे राहिले तर राहिले, पण खरी अडचण वर होती. उंच माणसाचे फक्त पायच लांब नसतात हो, मधलं सगळंच लांब असतं. पुढे वाकलं की पँटचं इलॅस्टिक मागे खाली सरकायचं आणि टी-शर्ट वर चढायचा, आणि मधला सगळा मुलूख उघडा. खाली बसून पुढे वाकायचं आसन सुरू झालं की मी एका हाताने पायाचा अंगठा धरायची आणि दुसऱ्या हाताने मागून पँट. भिंतीला पाठ लावून शेवटच्या रांगेत बसायची, म्हणजे मागे कोणी नको.

लपून काय राहणार? तिसऱ्या-चौथ्या दिवशी बायकांनी चेष्टा सुरू केली. ताडासन आलं की एक म्हणायची, "मॅडम, तुम्ही नुसत्या उभ्या राहा, तुमचं झालंच." दुसरी म्हणायची, "पावसाळ्याची तयारी का मॅडम, पँट एवढी वर?" मी हसायची. घरी आले की आरशासमोर उभी राहून त्या पँटकडे बघायची आणि ठरवायची, उद्यापासून जायचं नाही. पाठ दुखली तर दुखली. आणि पुन्हा सकाळी उठून जायची, कारण त्या हॉलमध्ये दारातून आत पाऊल टाकलं की चार तोंडं वळायची आणि म्हणायची, "या मॅडम." दिवसभरात मला तेवढं एकदाच कोणी "या" म्हणत होतं.

त्या बायकांत एक होत्या, त्यांना सगळा क्लास वहिनी म्हणायचा. मीही तेच म्हणायची. माहेर पाथर्डीकडचं, नवरा एसटीत होता म्हणून तीसेक वर्षांपूर्वी नगरला आल्या आणि इथल्याच झाल्या, पण बोली तिकडचीच राहिली. उंचीला माझ्या छातीपर्यंत. पण आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलल्या तर शेवटच्या घरात कळावं. एकदा शवासन संपल्यावर मी पँट वर ओढत उठत होते, तेव्हा त्या सरळ जवळ आल्या.

"मॅडम, किती दिस अशी वढाताण करनार?"

"मिळत नाही हो माझ्या मापाची."

"न्हाई मिळत म्हंजे? एवढं नगर पडलंय. रविवारी दहाला खाली येऊन ऱ्हावा, म्या गाडी घिऊन येते."

मी नको-नको म्हटलं, पण ते तोंडदेखलं. शनिवारी रात्री मी रविवारची साडी काढून ठेवली आणि मग परत कपाटात ठेवून ड्रेस काढला, कारण साडीत पँट कशी घालून बघणार?

रविवारी दहाला वहिनींची स्कूटी आली. मागे बसले तर माझे गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर, आणि वहिनींच्या डोक्यावरून मला अख्खा रस्ता दिसत होता. खड्डा आला की मीच सांगायची. कापड बाजारात पहिल्या दुकानात शिरलो. पोऱ्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, वर जायला त्याला वेळ लागला, आणि म्हणाला, "डबल एक्सएल देऊ?"

हे एक मला आजवर न कळलेलं कोडं आहे. लांबी मागितली की लोक रुंदी देतात. डबल एक्सएल घातली तर कमरेत दुसरी बाई मावेल आणि पाय तेवढेच आखूड. वहिनी काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, "आवो दादा, बाईला लांब पायजे, ढगळी न्हाई. आक्कल गहान टाकली का काय?" सगळं दुकान आमच्याकडे बघायला लागलं. एरवी मी मेल्याहून मेल्यासारखी झाले असते. त्या दिवशी मला हसू आलं.

दुसऱ्या दुकानात ट्रायल रूमला दार नव्हतं, पडदा होता, आणि तो माझ्या खांद्यापर्यंत. आत पँट चढवताना मी बाहेरच्या गिऱ्हाइकांशी नजरानजर करत होते. वहिनींनी बघितलं मात्र, स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, आणि पदर दोन्ही हातांनी ताणून पडद्याच्या वर धरला. "घाला निवांत," म्हणाल्या, "म्या हाय." पँट गुडघ्याच्या वर चढत नव्हती, आणि मला तिथे उभ्या-उभ्या रडू फुटायची वेळ आली. आई गेल्यापासून माझ्यासाठी कोणी असं काही धरून उभं राहिलं नव्हतं.

त्या दिवशी काहीच मिळालं नाही. दिल्ली गेटजवळ भेळ खाल्ली. वहिनी सुनेबद्दल बोलल्या, नातवाच्या दातांबद्दल बोलल्या, नवऱ्याच्या शुगरबद्दल बोलल्या. मी ऐकत होते. उठताना म्हणाल्या, "आता फुडच्या रविवारी बघू." सोमवार, मंगळवार, सगळा आठवडा मी ते वाक्य तोंडात घोळवत काढला.

असे बरेच रविवार झाले. एका रविवारी पुरुषांच्या विभागात शिरलो. तिथे लांबी मिळाली, पण पुरुषांच्या पँटला बसायच्या जागी जेवढं कापड ढगळ असतं त्यात मी बेडकासारखी दिसत होते. वहिनींनी मला गोल फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "नगं बाई. ह्यात तुमी आमच्या मालकावानी दिसाय लागल्या." दुसऱ्या एका रविवारी पुणे रोडने केडगावला गेलो. तिथे कबड्डी, खो-खोच्या संघांचे ड्रेस शिवणारा एक जण होता. त्याने माप घेतलं, घोट्यापर्यंत अगदी बरोबर. पण कापड त्याच्याकडे तेच, चकचकीत, ताण न घेणारं. मांडी घालायला गेले तर मांडीच घालता येईना. क्लासमध्ये मी एक पाय लांब करून बसले आणि शिकवणारी मुलगी विचारायला लागली, "मॅडम, गुडघा दुखतोय का?"

फॉलची कल्पना वहिनींची. माझी आई माझ्या साड्यांच्या वरच्या काठाला जुन्या साडीची पट्टी जोडायची, म्हणजे साडी खाली घोट्यापर्यंत यायची आणि पट्टी निऱ्यांत खोचली जायची. हे मी एकदा बोलता-बोलता सांगितलं. वहिनी तिथल्या तिथे थांबल्या. "मंग इथं तेच करायचं की! साडीचा फॉल लावू खालून. काळ्या पँटीला काळा फॉल, कोनाला कळनार बी न्हाई." दोघी साठीला आलेल्या बायका, आयुष्यात शेकडो साड्यांना फॉल लावलेला, आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की पँट ताणते आणि फॉल ताणत नाही. वहिनींनी स्वतः हातशिलाईने लावून दिला, टाके इतके बारीक की बघत राहावं. पहिल्या दिवशी पाय आत घालतानाच अडकला. मी जोर करून घातला. क्लासमध्ये पाय फाकवून पुढे वाकले आणि टर्रर्र. मग दुसऱ्या पायाचं टर्रर्र. दोन्ही फॉल सुटून माझ्या पायांभोवती लोंबायला लागले.

आधी वहिनींना हसू फुटलं आणि मग सगळा हॉल हसून लोळला. शिकवणारी मुलगीही भिंतीला टेकून हसत होती. मी हसता-हसता खाली बसले, पोट दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. घरी गेले तरीही हसत होते, एकटीच, स्वयंपाकघरात. माझ्या घरात इतक्या मोठ्याने कोणी हसलं नव्हतं.

आता खरं सांगते. तेव्हापासून मला वाटायला लागलं की पँट मिळूच नये. म्हणजे अगदी देवाला सांगितलं नाही, पण दुकानात पोऱ्या "नाही मॅडम, एवढ्या लांबीत येतच नाही" म्हणाला की मला आतून बरं वाटायचं. अजून एक रविवार मिळाला. वहिनी वैतागायच्या, कपाळाला हात लावायच्या, आणि मी वरून त्यांच्याबरोबर वैतागायची.

मग वहिनींची पुण्याची मुलगी सणाला आली, आणि वहिनी तिला माझ्याकडे घेऊन आल्या. तिला सगळी कथा सांगून झाली होतीच. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघी कुठल्या जमान्यात आहात?" मोबाईल काढला, माझी कंबर विचारली, पायाची आतली लांबी विचारली, उंच बायकांसाठीचं वेगळं माप असतं ते निवडलं, आणि चहा निवायच्या आत ऑर्डर झाली. इतके रविवार आणि एवढंसं काम! चार दिवसांनी पार्सल माझ्या दारात.

मी दार लावून ती घातली. कापड मऊ होतं, काळं. पायातून वर गेली, कमरेवर बसली, आणि खाली घोट्यापर्यंत आली. घोट्यापर्यंत! मी वाकले. मागे काही सरकलं नाही. मांडी घातली, पाय फाकवले, दोन्ही हातांनी अंगठे धरले. आयुष्यात पहिल्यांदा दुकानातून आलेला एखादा कपडा माझ्यासाठी केल्यासारखा वाटत होता. मला खूप आनंद झाला, तो नाकारायचा नाही मला. मी त्या पँटमध्ये दिवसभर वावरले, भाजी चिरली, झाडांना पाणी घातलं. फक्त संध्याकाळ झाल्यावर मनात आलं, की आता रविवारी काय?

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये टाळ्या पडल्या. वहिनींनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून घोट्याशी बोट लावून बघितलं, आणि हात जोडून वर बघितलं. "सुटले बया एकदाची! आता माझे रविवार मोकळे." सगळ्या हसल्या. वहिनींनी माझ्या दंडावर थोपटलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे.

रविवारी दहाला मी तयार होऊन बसले. का, ते विचारू नका. पायात चप्पलही होती. अकरा वाजता चप्पल काढली.

क्लासमध्ये आता माझ्याकडे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी दुसऱ्या रांगेत बसायला लागले, दोन्ही हात मोकळे, पाठ सरळ. "या मॅडम" म्हणायच्या सगळ्या, नाही असं नाही. पण त्याच्या पुढे काय बोलायचं ते कोणालाच सुचत नव्हतं, मलाही नाही. इतके दिवस माझ्याशी जे-जे बोलणं झालं होतं ते सगळं पँटचं होतं. वहिनींना आता दुसरी एक मिळाली होती, जिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं. तिच्याबरोबर त्या डॉक्टरांकडे जायला लागल्या, एक्स-रे काढायला जायला लागल्या. सांगताना लाज वाटते, पण मला त्या गुडघ्याचा राग आला. माझा गुडघा का नाही बिघडत, असंही एकदा मनात येऊन गेलं.

आणखी दोन रविवार असेच घालवले, आणि तिसऱ्या रविवारी मी उठून वहिनींच्या घरी गेले. आधी कधी गेले नव्हते, त्याच यायच्या. पिशवीत ती पँट घेतली होती. कमरेत जरा सैल होते म्हणून सांगू, असं जिन्यापर्यंत ठरवलेलं होतं.

वहिनींनीच दार उघडलं. तोंडभर हसल्या. "या या मॅडम! काय काम काढलं?"

यात वाईट काहीच नाही. आमच्या नगरात कोणीही दारात आलं की हेच विचारतात. बायका एकमेकींकडे जातात त्या हळदीकुंकवाला, पत्रिका द्यायला, विरजण मागायला, मुलांच्या ट्यूशनची चौकशी करायला. घर असलं की कामं असतात आणि कामं असली की दारं उघडी असतात. मी पिशवीत हात घातला. आणि मला माझाच संताप आला. एवढी धडधाकट बाई, हजारो मुलं शिकवली, आणि कोणाच्या घरात पाच मिनिटं बसायला इलॅस्टिकचं निमित्त करायचं? मी हात बाहेर काढला.

"काही नाही वहिनी. सहज आले."

"सहज?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं बरं, या की."

आत मुलगा मॅच बघत होता, सून मटकी निवडत होती, नातू जमिनीवर गाड्या फिरवत होता. मला खुर्ची दिली. चहा आला, चिवडा आला. वहिनी समोर सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "हं, बोला."

मी उन्हाबद्दल बोलले. नळाला पाणी कमी येतंय, त्याबद्दल बोलले. नातवाला विचारलं कितवीत आहेस, तो म्हणाला जात नाही अजून. वहिनी माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या आणि पुढचं वाक्य येईल म्हणून थांबत होत्या. "बोला की मॅडम, संकोच नका करू." मग त्यांनी सुनेकडे बघितलं. सून मटकीचं ताट घेऊन उठली आणि आत गेली. मुलाने आधी मॅचचा आवाज बंद केला, मग माझ्याकडे एकदा बघून नातवाला उचललं आणि तोही आत गेला. जाताना दार ओढून घेतलं. माझ्यासाठी एका भरल्या घराने अख्खी खोली रिकामी करून दिली, मला मोकळेपणाने काम सांगता यावं म्हणून.

"आता सांगा," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला पहिल्यांदाच कळलं.

"खरंच काही नाही हो."

मी चहा संपवला आणि उठले. वहिनी जिन्यात माझ्यामागे आल्या, अनवाणी. मी दोन पायऱ्या उतरले होते, त्या वर उभ्या, त्यामुळे आमची तोंडं समोरासमोर आली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मॅडम, पोरं व्हती म्हनून बोलला न्हाईत का? काय झालं? डॉक्टरांनी काय सांगितलं का? भावानं जमिनीचं काय केलं का? मला सांगा, म्या येते तुमच्यासंगं."

आणि त्या आल्या असत्या. डॉक्टरकडे, तहसीलमध्ये, कोल्हारला भावाशी भांडायला, कुठेही. मला काहीतरी झालेलं असतं तर किती बरं झालं असतं!

"वहिनी, काम हेच होतं," मी म्हटलं. "तुमच्याकडे यायचं होतं. बसायचं होतं जरा."

त्यांना ते पोचायला थोडा वेळ लागला. मग पोचलं. त्यांचा चेहरा माझ्यासमोर बदलत गेला, डोळे भरून आले, आणि माझं मनगट सोडून त्यांनी हात माझ्या गालावर ठेवला. "आगं बया," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मॅडम म्हणायला विसरल्या. "एकटी अस्ती न्हाई का गं तू. माज्या ध्यानातच न्हाई आलं. दर रविवारी यायचं आता. जेवायलाच यायचं. म्या सुनेला सांगते ना समदं."

सुनेला सांगते समदं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे होतं ते प्रेमानेच आलेलं होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण ती कीव होती. ट्रायल रूमच्या पडद्यावरून माझ्याकडे बघणाऱ्या बायका मी सोसल्या, बघायला येणारे पाहुणे सोसले, आणि हे मात्र मला सोसेना. घरापर्यंत मी भरभर चालत आले, वाटेत ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून शाळेच्या बाजूने वळसा घालून.

रविवारी दहाला फोन वाजला.

"निघालीस का? भाकरी टाकल्याती. भरीत केलंय, तुला आवडतं म्हनली व्हतीस."

मी भरीत आवडतं असं कधी म्हटलं होतं, मला आठवेना. म्हटलं असेन भेळ खाताना. म्हणजे त्या ऐकत होत्या.

"नाही हो वहिनी," मी म्हटलं, "आज नाही जमायचं. घरी पाहुणे आलेत."

"व्हय? कोन पावने?"

"कोल्हारचे. भाऊ, भावजय, पोरं, सगळीच आलीत अचानक." बोलता-बोलता मी टीव्हीचा रिमोट उचलला. कुठल्याशा मालिकेत कोणाच्या तरी घरी बारसं चाललं होतं. मी आवाज वाढवला आणि फोन जरा त्या बाजूला धरला.

"बरं झालं बाई," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या जिवावरचं ओझं उतरल्यासारखा आवाज झाला. "लई बरं झालं. मंग जा, बस त्येंच्याजवळ. म्या ठेवते."